मुतखडा कोणाला होतो, का होतो, आणि पुन्हा होऊ नये म्हणून खरंच काय करावं?

कासव
डाव्या बाजूचा खडा नुकताच पडून गेला. ४ मिमीचा होता, मूत्रवाहिनी जिथे मूत्राशयाला मिळते तिथे येऊन अडकला होता. सीटी स्कॅनमध्ये दिसला, गोळ्यांवर निभावलं, ऑपरेशनची वेळ आली नाही. कळांचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी सोसल्यात त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटत नाही.

आता ज्याला त्याला सल्ला द्यायचाय. दूध सोड. टोमॅटो सोड, बियांचं काही खाऊ नकोस. पाणी जड असेल, मशीन बसव. बिअर पी, सगळं धुऊन निघेल. डॉक्टरांनी "भरपूर पाणी प्या" एवढं सांगून पुढचा पेशंट आत बोलावला. वडिलांनाही हा त्रास होऊन गेलाय, त्यामुळे धास्ती जरा जास्तच. यातलं खरं किती आणि ऐकीव किती, जाणकारांनी सांगावं.

ढगफुटी
बिअरवाला मित्र जपा. बाकीच्यांना दुधावर सोडा.

दवबिंदू
कासव, खडा हाती लागला का? की गेला वाहून?

कासव
लागला. लघवी गाळून करायला सांगितलं होतं, गाळणीत अडकला. गडद तपकिरी आहे, एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाने काटेरी. डबीत ठेवलाय. टाकून देऊ ना?

दवबिंदू
अजिबात नको! तपासायला पाठवा. सगळं पथ्य त्यावर ठरतं आणि नेमकं तेच बहुतेक जण करत नाहीत.

मूत्ररोग विभागात बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहितेय, पण तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

मुतखडा म्हणजे एकच एक आजार नव्हे. खडे वेगवेगळ्या जातीचे असतात आणि एका जातीचं पथ्य दुसरीला बिनकामाचं, कधी कधी तर उलटणारं. दहातले सात-आठ कॅल्शियमचे, त्यातले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या पदार्थांतून येणारा क्षार) आणि थोडे कॅल्शियम फॉस्फेटचे. युरिक ॲसिडचे साधारण दहात एक. लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे होणारे स्ट्रुवाइटचे त्याहून कमी. सिस्टिनचे शंभरात एखादा, तो जन्मजात दोष असतो.

होतं कसं? पाकात साखर जास्त झाली की तळाशी दाणे धरतात, तसंच. लघवीत क्षार विरघळायचे थांबले की स्फटिक धरतात आणि त्यावर थर चढत जातात. त्यामुळे धोका वाढवणारी कुठलीही गोष्ट घ्या, ती पाणी कमी करते, नाहीतर क्षार वाढवते, नाहीतर स्फटिकांना अटकाव करणारं सायट्रेट घटवते. आणखी एक म्हणजे लघवीची आम्लता. ती फार वाढली तर युरिक ॲसिड खाली बसतं, फार कमी झाली तर कॅल्शियम फॉस्फेट.

"भरपूर पाणी" याला आकडा आहे, तो सांगत नाहीत म्हणून लोक दोन ग्लास वाढवतात आणि समाधान मानतात. किती पोटात गेलं ते मोजू नका, किती बाहेर आलं ते मोजा. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. १९९६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पहिलाच खडा झालेल्यांचे दोन गट केले, एका गटाला पाणी वाढवायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणीवाल्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात २७ टक्के. औषध नाही, पथ्य नाही, नुसतं पाणी.

रात्रपाळी
मी भट्टीजवळ काम करतो. पाणी तीन लिटरच्या वर जातं, तरी दोन्ही बाजूंना खडे आहेत. मग हे गणित कुठे बसतं?

दवबिंदू
बसतं की. तीन लिटर पिता, त्यातलं घामावाटे किती जातं? काचेच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्यांवर अभ्यास झालाय. त्याच कारखान्यात थंड जागी बसणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात खडे कितीतरी जास्त आढळले, आणि त्यात युरिक ॲसिडचे बरेच. पाळी संपताना लघवी गडद पिवळी होत असेल तर तुमचे तीन लिटर तुम्हाला पुरत नाहीयेत.

दुसरं, रात्री. झोपेत सहा-सात तास पाणी नाही, लघवी दाट. तुमच्या बाबतीत ती वेळ दिवसा येते एवढंच. झोपायच्या आधी एक ग्लास आणि मधे उठलात तर आणखी थोडं.

ढगफुटी
गाडी चालवणारे, शिक्षिका, दुकानात दिवसभर उभे राहणारे, सगळ्यांची तीच गत. जायला जागा नाही म्हणून प्यायचंच नाही. आमच्या ऑफिसात पाण्याच्या बाटल्या टेबलावर शोभेला असतात.

अबोली
दूध बंद करण्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या सासूबाईंना खडा झाल्यापासून त्यांनी दूध, दही, पनीर सगळं सोडलंय. हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियमची गोळी मात्र चालू आहे, तीही रात्री झोपताना. बरोबर आहे का हे?

दवबिंदू
अबोली, हे बरोब्बर उलटं झालंय.

खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम बंद, हे ऐकायला पटतं. डॉक्टरसुद्धा एके काळी तेच सांगायचे. पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून शौचावाटे बाहेर जातात. कॅल्शियम काढून घेतलंत की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन तिथल्या कॅल्शियमला गाठतं. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांच्या आहाराचा अभ्यास आला, त्यात आहारात कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते.

मुद्दाम
आडवं लावतोय असं वाटेल, पण १९९३ चा तो अभ्यास निरीक्षणाचा होता. दूध पिणारे लोक एकूणच तब्येतीला जपणारे असतील. त्यावरून कारण कसं ठरवणार?

दवबिंदू
रास्त शंका आहे. म्हणूनच २००२ चा प्रयोग महत्त्वाचा. ज्यांच्या लघवीत मुळातच कॅल्शियम जास्त जातं आणि ज्यांना पुन्हा पुन्हा खडे होतात असे १२० पुरुष घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार, ६० जणांना नेहमीएवढं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांनी पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा, दुसऱ्यात १२ जणांना.

मुद्दाम
मग श्रेय कॅल्शियमचं की कमी मिठाचं? दोन्ही एकदम बदललंय.

दवबिंदू
वेगळं काढता येत नाही, मान्य. पण दूध तोडून फायदा झाला नाही, एवढं तर त्यातून निघतंच. आणि मिठाचं श्रेय मोठं असणार असं माझं मत आहे. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्या मागोमाग कॅल्शियमही जातं. अंदाजे सहा ग्रॅम मीठ जास्त खाल्लंत की लघवीत सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम वाढतं. रोजच्या रोज. खडा झालेला माणूस टोमॅटोच्या बिया काढत बसतो आणि ताटात वरून मीठ घेतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सांगायचा कंटाळा येतो. पाकिटातलं, डब्यातलं, खारवलेलं जे जे काही आहे त्यात तर वरून घ्यायचीही गरज नसते.

अबोली, तुमच्या सासूबाईंच्या गोळीबद्दल. पाळी गेलेल्या ३६ हजारांवर स्त्रियांचा अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये खडे १७ टक्के जास्त होते. उपाशीपोटी किंवा झोपताना घेतलेल्या गोळीला आतड्यात धरायला ऑक्झलेट नसतं, ती सरळ रक्तात जाते आणि लघवीत उतरते. गोळी लागणारच असेल तर जेवणाबरोबर घेता येईल का हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम सायट्रेटचाही विषय काढा. परस्पर बंद करू नका, हाडांचा प्रश्न खराच आहे. आणि दही खाऊ द्या हो त्यांना.

अबोली
आज जेवताना सांगते. दह्याचं ऐकून त्या खूश होतील, माझ्यावर विश्वास ठेवतील की नाही ते वेगळं.

जुनं_खोड
कासव, खडा तपासा असं दवबिंदू का म्हणतायत ते माझ्यावरून बघा. मधुमेह जुना, वजन जास्त, अंगठ्याला गाउटचा (सांध्यात युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सुजेचा) त्रास. खडा झाला तेव्हा कोणीतरी छापील यादी हातात ठेवली: पालक नको, शेंगदाणे नको, चॉकलेट नको. यादी इमानेइतबारे पाळली. खडे होतच राहिले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक खडा प्रयोगशाळेत पाठवला, तर निघाला युरिक ॲसिडचा. पालकाचा काडीचा संबंध नव्हता!

मग लघवीची आम्लता मोजायच्या पट्ट्या आणायला लावल्या. पट्टी बुडवायची, रंग बदलतो, डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. डबीवर प्रत्येक रंगाला आकडा असतो (पीएच), तो जितका लहान तितकी लघवी जास्त आम्ल. सकाळी माझा रंग कायम एकदम वरच्या टोकाचा, ५ च्या जवळ. पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं आणि साडेसहाच्या आसपास ठेवायला सांगितलं. पुढच्या सोनोग्राफीत उरलेला खडा लहान झालेला, त्याच्या पुढच्या वेळी दिसलाच नाही.

कासव
औषधाने खडा विरघळतो? मला तर सांगितलं होतं की विरघळत नाही.

दवबिंदू
दोन्ही खरं आहे. युरिक ॲसिडचा विरघळतो, कॅल्शियमचा विरघळत नाही. पट्टीवरचा आकडा साडेपाचच्या खाली गेला, म्हणजे लघवी फार आम्ल झाली, की युरिक ॲसिड विरघळून राहूच शकत नाही, आणि तो साडेसहा-सातपर्यंत आणला की बसलेलंसुद्धा हळूहळू विरघळतं. लठ्ठपणा आणि मधुमेहात लघवी आम्लच राहते, म्हणून खोडसाहेबांसारख्यांना हा खडा जास्त. साध्या एक्स-रेत तो दिसतही नाही. हौसेने सोडा खाऊन हा प्रयोग मात्र कोणी करू नये. आम्लता फार उतरवलीत तर फॉस्फेटचे खडे धरतात, शिवाय सोड्यात सोडियम आलंच. पोटॅशियम सायट्रेटसुद्धा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना धोक्याचं असतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

गाउट असलेल्यांनी मांस आणि मासे बेताने खावेत हे खोडसाहेबांना कोणीतरी सांगितलं असेलच. प्राणिज प्रथिनांनी युरिक ॲसिड वाढतं, लघवी आम्ल होते आणि सायट्रेट घटतं. एका फटक्यात तीन नुकसानं, आणि ती कॅल्शियमच्या खड्यालाही लागू आहेत.

पाऊलखुणा
मायग्रेनसाठी टोपिरामेट घेतेय. त्याच्या कागदावर बारीक अक्षरात मुतखडा लिहिलाय. घाबरण्यासारखं आहे का?

दवबिंदू
घाबरण्यासारखं नाही, दखल घेण्यासारखं आहे. त्याने लघवीतलं सायट्रेट कमी होतं आणि आम्लताही कमी होते, म्हणून कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. आधी खडा झाला असेल किंवा घरात कोणाला असेल तर औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला. एकदम सोडू नका. ॲसिटाझोलामाइडचंही असंच आहे, डोळ्यातला दाब वाढला तर देतात ते.

औषधांवरून आठवलं, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या. सर्दी होऊ नये म्हणून १००० मिलिग्रॅमची गोळी रोज चघळणारे पुष्कळ आहेत. जास्तीचं क जीवनसत्त्व शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांना खड्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. फळांतून मिळतं त्याबद्दल नाही बोलत मी.

रात्रपाळी
मग टोमॅटोचं काय? आमच्याकडे तर बिया म्हणजे साक्षात खडे.

दवबिंदू
टोमॅटोची बी आतड्यातून जाते, मूत्रपिंडात नाही. ऑक्झलेट म्हणाल तर एका मध्यम टोमॅटोत दहा मिलिग्रॅमही नसतं. अर्धा कप शिजवलेल्या पालकात ७०० मिलिग्रॅमच्या वर असतं. म्हणजे यादी करायचीच असेल तर पालक, बीट, रेवाचिनी, बदाम एवढ्यांचं प्रमाण बघा आणि तेही खडा ऑक्झलेटचा असेल तर. कधीतरी पालक खाल्लात तर सोबत दही घ्या, आतड्यात दोघं एकमेकांना धरतील. रोज सकाळी कच्च्या पालकाचा पेलाभर रस पिणाऱ्यांबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही.

मुद्दाम
चहातही ऑक्झलेट असतं ना? मग चहा पण गेला?

दवबिंदू
नाही गेला. मोठ्या पाहण्यांमध्ये चहा-कॉफी पिणाऱ्यांना खडे थोडे कमीच दिसलेत, पाणी जातंच ना त्यातून. साखर घातलेली कोला पिणाऱ्यांना मात्र जास्त. टोकाला गेलं की चहाही बाधतो. अमेरिकेत एका माणसाची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं होतं. तो दिवसाला १६ ग्लास थंड काळा चहा प्यायचा.

ढगफुटी
आणि बिअर? अनेकांचे श्वास रोखलेत इथे.

दवबिंदू
पाहण्यांमध्ये बिअर पिणाऱ्यांना नवे खडे कमी झालेले दिसतात, तुमच्या मित्राला एवढं कळवा. पण अडकलेला खडा तिने सुटत नाही. अडथळ्यामागे आधीच लघवी तुंबलेली असते, तिच्यावर आणखी दाब आणून दुखणं वाढतं. हे पाण्यालाही लागू आहे बरं का. ऐन कळेत बादलीभर पाणी ढोसून काही होत नाही. गाउटवाल्यांनी तर बिअरचा विषयच काढू नये.

जुनं_खोड
काढला नव्हता हो मी.

मुद्दाम
जड पाणी राहिलं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, मग धोका नाही?

दवबिंदू
जड पाण्यावर बोट ठेवावं असा भक्कम पुरावा नाही. खड्यापायी मशीन बसवायची गरज नाही. पाणी चवीला बरं लागून दोन ग्लास जास्त प्यायले जात असतील तर जरूर बसवा.

ढगफुटी
थोडं विषयांतर. इजिप्तमधल्या एका ममीत, हजारो वर्षांपूर्वीच्या, मूत्राशयातला खडा सापडला होता. हिपोक्रेटिसच्या नावाच्या शपथेत डॉक्टर म्हणतो की खड्यासाठी मी चिरफाड करणार नाही, ते त्यातल्या तरबेज माणसांवर सोपवीन. सुश्रुतसंहितेत अश्मरी काढायची शस्त्रक्रिया पायरी-पायरीने दिलीये. आणि न चिरता, बाहेरून तरंग सोडून खडा फोडायची सोय माणसाला मिळाली कधी, तर १९८० साली, म्युनिकमध्ये! मधल्या काळातल्या लोकांचा विचार करून मला पाणी प्यावंसं वाटतं.

पाऊलखुणा
माझ्या बहिणीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, तिला खडा झाला. त्याचा संबंध आहे की योगायोग?

दवबिंदू
आतड्याला वळसा घालणारं ऑपरेशन असेल तर संबंध आहे. चरबी नीट पचत नाही, ती कॅल्शियमला पकडते, आणि ऑक्झलेटला पकडायला कॅल्शियम उरत नाही. दूध सोडल्यावर होतं तेच, वेगळ्या वाटेने. आतड्याच्या जुनाट सुजेत आणि सततच्या जुलाबातही असंच.

एक राहिलं आणि ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, असं कोणी म्हणायच्या आत लिहिते. खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, किंवा मूत्रपिंड एकच असताना कळ आली, तर धागे वाचू नका, इस्पितळ गाठा. अडथळ्यामागे पू झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. गरोदर बाईला अशी कळ आली तरी घरी थांबू नये. ज्यांना वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होतो त्यांनी एकदा सोनोग्राफी करावी. स्ट्रुवाइटचे खडे फारसे न दुखता अख्खं मूत्रपिंड भरून टाकतात.

कासव
एवढं वाचून दोन गोष्टी केल्या. डबी प्रयोगशाळेत दिली आणि घरातल्या ताटांतून मीठ उचललं, त्यावरून वादही झाला. आता वडिलांचं सांगा. त्यांना झाला म्हणून मला झाला का? आणि मला पुन्हा होण्याची शक्यता किती?

दवबिंदू
घरात कोणाला असेल तर धोका अडीच पटीच्या आसपास जातो. त्यात रक्ताचा वाटा किती आणि एकाच स्वयंपाकघराचा किती, हे वेगळं करणं अवघड. पुरुषांना जास्त होतो, स्त्रियांमध्ये वाढतोय. काहीच केलं नाही तर निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो.

वडिलांना होता म्हणून तुम्ही २४ तासांच्या लघवीची तपासणी करून घ्या असं मी म्हणेन. त्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड, सायट्रेट, सोडियम, सगळं कळतं. मीठ खरंच कमी झालंय की नाही तेही कळेल, घरातला वाद मिटेल. रक्तातलं कॅल्शियम पण बघा. ते जास्त निघालं तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा दोष असू शकतो, आणि तो ऑपरेशनने बरा होतो.

कासव
हे २४ तासांचं प्रकरण करतात कसं? नोकरीवर जाऊन जमेल?

दवबिंदू
सुट्टीच्या दिवशी करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, अगदी रात्रीचीही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची पहिलीसुद्धा. एक जरी चुकली तर आकडे फसवे येतात. कॅनमध्ये आधीपासून काही द्रव असेल तर तो ओतून देऊ नका, प्रयोगशाळेने मुद्दाम घातलेला असतो. खडा पडून महिना-दीड महिना होऊ द्या. आणि त्या दिवशी शहाण्यासारखं वागू नका. रोज जेवढं पाणी पिता आणि जे खाता तेच ठेवा, नाहीतर रिपोर्ट कोणा दुसऱ्याचाच येईल.

ढगफुटी
आणि फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर कॅनवर नाव घाला. मोठ्या अक्षरात.